मागचं टायर पुन्हा पुन्हा बसतंय? ठिगळ लावायच्या आधी भोक कुठे आहे ते बघा

पंचर काढलं, हवा भरली, सायकल भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी बघावं तर मागचं टायर पुन्हा रिंगेला टेकलेलं. परत काढलं, दोन दिवस चाललं, परत बसलं. ज्यांच्या घरी हे सुरू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी लातूरचा. सायकल दुरुस्तीचं काही शिक्षण नाही, घरच्या चार-पाच सायकली गेली बरीच वर्षं ओसरीतच दुरुस्त करतो.

मागच्या नोव्हेंबरात माझ्या सायकलीचं मागचं चाक तीन आठवड्यांत चार वेळा बसलं. पहिल्यांदा ठिगळ लावलं. दुसऱ्यांदा, ठिगळ नीट चिकटलं नसेल असं धरून नवी ट्यूब टाकली. तिसऱ्यांदा ती नवी ट्यूबच खराब निघाली असं वाटलं म्हणून आणखी एक आणली. चौथ्यांदा खरोशाकडे निघालो होतो, औशाच्या अलीकडेच टायर बसलं आणि तिथूनच परत फिरावं लागलं. घरी आल्यावर तिन्ही ट्यूबा ओसरीत शेजारी शेजारी पसरल्या, व्हॉलला (हवा भरायच्या तोटीला) व्हॉल लावून, आणि प्रत्येकीत हवा भरून भोक शोधलं. पहिल्या ट्यूबवर ठिगळाच्या अगदी लगत दुसरं भोक होतं, म्हणजे ठिगळ बिचारं शाबूत होतं. दुसऱ्या ट्यूबचं भोक व्हॉलपासून तेवढ्याच अंतरावर, साधारण दीड वितीवर. तिसरीचं उलट्या बाजूला दिसलं, पण ती ट्यूब मी उलटी पसरली होती. फिरवली तर तेही बरोबर त्याच जागी आलं.

टायरची एकच कड काढून ट्यूब बदलायची माझी सवय. त्यामुळे टायर रिंगेवर होतं तिथेच राहिलं होतं, आणि त्यात अडकलेली वस्तू प्रत्येक नव्या ट्यूबला त्याच जागी टोचत होती. मी ट्यूबा बदलत बसलो, आणि बिघाड टायरमध्ये होता.

तेव्हापासून एक पद्धत ठरवून टाकली. टायरवर कंपनीचं नाव जिथे छापलेलं असतं ते नेहमी व्हॉलसमोर येईल असं टायर चढवायचं. ट्यूब काढायच्या आधी तिच्या चेनकडच्या बाजूला पेनने एक फुली मारायची. ट्यूब बाहेर काढून भोक सापडलं की ती होती तशीच टायरवर ठेवायची, व्हॉल नावासमोर आणि फुली चेनकडे. आता भोकासमोर टायरचा आणि रिंगेचा नेमका कोणता भाग येतो ते कळतं, आणि चार बोटांची जागा तपासली की भागतं. फुली नसेल तर दोन जागा तपासाव्या लागतात, एक व्हॉलच्या डावीकडे आणि एक उजवीकडे.

भोक शोधायला घमेल्यातलं पाणी हा सगळ्यांना माहीत असलेला उपाय. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हा पंचरसाठी घमेलंभर पाणी घ्यायला मन धजेना. त्या दिवसांत बिनपाण्याचं शोधायला शिकलो. ट्यूब टायरबाहेर काढून दुप्पट फुगेपर्यंत हवा भरायची, आणि ओठांजवळून हळूहळू फिरवायची. वरच्या ओठाला हवेची बारीकशी झुळूक लगेच कळते, बोटाला कळत नाही. पंखा बंद ठेवायचा. आवाज ऐकू येत नाही अशी भोकंही यात सापडतात. फारच सूक्ष्म असेल तर साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवायचा, त्याला वाटीभर पाणी पुरतं. भोक सापडलं की त्याच क्षणी पेनने मोठं वर्तुळ करून ठेवा, नाहीतर हवा गेल्यावर ते पुन्हा दिसत नाही.

भोक बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला

आपल्याकडे हेच सगळ्यात जास्त, आणि याचं पहिलं नाव सराटा. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला जमिनीला चिकटून पसरणारा वेल, बारीक पिवळी फुलं. औषधात ज्याला गोखरू म्हणतात तोच. पावसाळा सरला की फळ वाळतं आणि त्याच्या पाच फाका सुट्या होतात. प्रत्येक फाकेला दोन दणकट काटे असतात, आणि ती कशीही पडली तरी एखादा काटा वर तोंड करूनच असतो. त्यामुळे दिवाळीनंतर पंचरं वाढतात. समोरून ट्रॅक्टर आला की आपण सायकल डांबरावरून खाली घेतो, आणि सराटा तिथेच असतो.

सराट्याचा त्रास असा की टायरमध्ये शिरल्यावर फाक घासून निघून जाते आणि काट्याचं टोक तेवढं रबरात मोडून राहतं. बाहेरून बघितलं तर एक करडा ठिपका दिसतो, खडीच्या कणासारखा. आतून बोट फिरवलं तर काही लागत नाही, कारण टायर मोकळं असताना ते टोक रबराच्या आत दडलेलं असतं. आपण सायकलवर बसलो, टायर दबलं, की ते आत डोकावतं आणि ट्यूबला टोचतं. माझ्या टायरमध्ये हेच होतं. तीन वेळा बोट फिरवून मी ‘काही नाही’ म्हणालो होतो.

सापडलं ते कापसामुळे. घरात वातीसाठी आणलेल्या कापसाचा एक पुंजका घेतला, टायर त्या जागी उलटं वाकवून आतली बाजू बाहेर काढली आणि पुंजका हलक्या हाताने ओढत नेला. एका जागी दोन-तीन तंतू अडकून उभे राहिले. तिथे टायर आणखी वाकवलं तेव्हा तिळाएवढं पिवळसर टोक वर आलं. चिमट्याने धरायला गेलो तर निसटलं. मग बाहेरच्या बाजूने सुईने उकरून, आतून चिमट्याने ओढून काढलं. लांबी भाताच्या शिताच्या निम्मीही नव्हती. कापूस दोन्ही दिशांनी फिरवा. काटा तिरपा असेल तर एका दिशेने तंतू अडकत नाहीत.

वेडी बाभूळ वेगळी. तिचा काटा लांब असतो, सरळ आत जातो आणि बहुतेकदा दिसतो. कुंपणाच्या किंवा जळणाच्या फांद्या रस्त्यावरून ओढत नेल्या की मागे काटे पडतात. हा काटा रस्त्यातच उपटायची घाई करू नका. तो स्वतःच भोकाचं बूच असतो, आणि घर जवळ असेल तर तसंच दामटत घरी पोचता येतं.

तिसरी वस्तू महामार्गावरची तार. ट्रकचं टायर फुटलं की त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे डांबरावर विखरून राहतात. लातूर-नांदेड रस्त्यावर किंवा सोलापूर-बीड-संभाजीनगरच्या 52 क्रमांकाच्या महामार्गावर कडेने जाणाऱ्यांना हे माहीत असेल. ही तार बोटाला टोचते पण डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलचा दिवा तिरपा धरला तर चकाकते. नेलकटरने धरून सरळ बाहेर ओढा. कापू नका, आतला तुकडा आतच राहतो.

काटा काढला की काम संपलं असं समजू नका, त्या जागेच्या मागेपुढे वीतभर कापूस पुन्हा फिरवा. सराटे एकेकटे नसतात.

भोक आतल्या अंगाला, रिंगेकडच्या बाजूला

हे बघितल्याबरोबर काटा शोधणं थांबवा. रस्त्यावरची कोणतीही वस्तू टायरमधून शिरून ट्यूबच्या फक्त पोटाकडच्या बाजूला भोक पाडत नाही. हे काम रिंगेचं.

आमच्या गल्लीतले एक काका रोज काळ्या सायकलीवर आडत बाजारात जातात. महिनाभर त्यांचं पुढचं चाक बसत होतं. त्यांना दोघातिघांनी सांगितलेलं, ‘‘टायरच बाद झालंय, टाका बदलून.’’ टायर चांगलं होतं. ट्यूब काढली तर आतल्या अंगाला ओळीने तीन ठिगळं, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. स्पोकमध्ये जेवढं अंतर असतं तेवढ्याच अंतरावर ठिगळं पडत असतील तर आणखी काय पुरावा पाहिजे! रिंगेवरची रबरी पट्टी वाळून एका बाजूला सरकली होती आणि चार निपलं (स्पोक रिंगेला धरून ठेवणारे छोटे नट) उघडी पडली होती. चाकाची आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना कुणीतरी स्पोक ताणले होते, त्यातल्या दोघांची टोकं निपलाच्या वर आली होती. कानशीने ती घासून सपाट केली, जुन्या ट्यूबची पट्टी कापून रिंगेवर बसवली. त्याला आता वर्ष होत आलं.

गिअरच्या सायकलींची रिंग दुहेरी असते, तिथे स्पोकची टोकं वर येत नाहीत, पण प्रत्येक निपलासाठी मोठं भोक असतं. प्लास्टिकची पट्टी उन्हाने मऊ पडून त्या भोकांत खचली की ट्यूब तिथे फुगून आत शिरते आणि भोकाच्या धारेवर कापते. पट्टीवर बोट फिरवलं की खळगे लागतात. अशी पट्टी बदलाच. विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी वापरू नका, उन्हाळ्यात तिचा गोंद पातळ होऊन ती सरकते. कापडी पट्टी घ्या, रिंगेच्या मधल्या खाचेएवढी रुंद. रुंदीला जास्त झाली तर टायरची कड नीट बसत नाही.

शेजारी शेजारी दोन भोकं

साप चावल्यासारखी दोन भोकं असतील तर हवा कमी होती. खड्ड्याच्या धारेवर चाक आदळलं आणि टायर व रिंगेच्या मध्ये ट्यूब चिमटली. इथे टायर शोधूनही काही सापडणार नाही, हवा भरा आणि भरत राहा. ट्यूबच्या रबरातून हवा थोडी थोडी झिरपतच असते. बारीक टायरची आठवड्यात बरीच उतरते, जाड टायरची त्यामानाने कमी.

अंगठ्याने दाबून बघण्यावर विसंबू नका. 50 पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणि 85 पीएसआय यांतला फरक अंगठ्याला कळत नाही. दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप घरात असावा, त्याचे पैसे वाचलेल्या ट्यूबांतच निघतात. माझं वजन 72 किलो, टायर 700×28. मागे 85 आणि पुढे 75 ठेवतो. 26×2.1 च्या जाड टायरला रस्त्यावर 40 च्या आसपास पुरते, काळ्या सायकलीच्या 28×1½ ला 45 ते 50. टायरच्या कडेला कमाल आकडा लिहिलेला असतो, त्याच्या वर जाऊ नका. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून हवाही तिथे जास्त.

अशीच दोन भोकं टायर चढवताना लिव्हरने (कड उचकायच्या पट्टीने) ट्यूब चिमटल्यानेही पडतात. खूण सोपी: पंचर काढून हवा भरल्या भरल्या किंवा तासाभरात बसलं तर चूक चढवतानाची. ट्यूबमध्ये आकार येईल एवढी हवा आधी भरून घ्या, व्हॉलच्या समोरच्या टोकापासून कड बसवायला सुरुवात करा आणि शेवट व्हॉलजवळ करा. बसलेली कड रिंगेच्या मधल्या खोलगट भागात ढकलत गेलात की शेवटची वीतभर कड अंगठ्यांनीच आत जाते, लिव्हर लागत नाही. मग व्हॉल एकदा आत ढकलून बाहेर ओढा, तिथे अडकलेली ट्यूब सुटते.

ट्यूबचं मापही एकदा तपासा. टायरच्या कडेला 28-622 असा आकडा असतो. पहिला रुंदी, दुसरा रिंगेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ‘सव्वीसची ट्यूब द्या’ एवढंच सांगू नका, 26×2.1 चा व्यास 559 आणि 26×1⅜ चा 590 असतो. मोठी ट्यूब आत घडी घालते आणि त्या घडीवरच फाटते.

ठिगळातूनच हवा जातेय

वर्तुळ केलेल्या जागी जुनंच ठिगळ निघालं तर मात्र दोष आपल्या हाताचा किंवा सोल्युशनचा, म्हणजे ठिगळ चिकटवायच्या द्रावणाचा. ‘उन्हाने ठिगळ सुटलं’ असं सगळे म्हणतात. त्यात अर्धं खरं आहे. बंद हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी 25 अंशांना 80 पीएसआय भरली आणि दुपारी टायर 50 अंशांपर्यंत तापलं, तर दाब होतो साधारण 88. एवढ्याने चांगलं ठिगळ सुटत नाही. पण जे नीट चिकटलंच नव्हतं ते मे महिन्यात, पारा 40-42 ला गेला की, हमखास सुटतं. बिनसोल्युशनची, स्टिकरसारखी ठिगळं तर आपल्या उन्हाळ्यात मुळीच भरवशाची नाहीत. रस्त्यात अडल्यावर घरी येण्यापुरती वापरा आणि घरी आल्यावर काढून टाका.

चिकटण्याचं सगळं गणित वाट बघण्यात आहे. भोकाभोवती पॉलिश पेपरने घासा, चमक जाऊन जागा मळकट काळी दिसेपर्यंत. ट्यूबवर साच्याची बारीक उभी रेघ असते, ती भोकाजवळून जात असेल तर घासून पूर्ण सपाट करा. तिच्या कडेने हवेला वाट मिळते, आणि माझी निम्मी ठिगळं आधी तिथेच हरायची. भुसा फडक्याने झटका आणि मग त्या जागेला बोट लावू नका. सोल्युशनचा पातळ थर ठिगळापेक्षा मोठ्या जागेवर पसरा आणि पाच मिनिटं थांबा. ओलं असताना ठिगळ लावणं ही सर्वांत मोठी चूक. ओलसर चमक जाऊन थर सुकल्यासारखा दिसला पाहिजे. मग ठिगळाचा कागद काढून, मधून कडेकडे दाबत बसवा, आणि पान्ह्याच्या गोल दांड्याने मिनिटभर रगडा. शेवटी त्यावर थोडी पावडर भुरभुरवा, नाहीतर उरलेलं सोल्युशन टायरला चिकटतं आणि पुढच्या वेळी ट्यूब काढताना ठिगळच उचकटतं.

सोल्युशनची नळी एकदा उघडली की आतलं द्रावण उडत जातं. सहा महिन्यांनी पिशवीतून काढावी तर कोरडी. माझ्या पिशवीत एक न उघडलेली नळी असते आणि घरी वेगळी.

लोक सीलंटबद्दल, म्हणजे भोक आतूनच बुजवायला ट्यूबमध्ये घालायच्या द्रवाबद्दल, विचारतात. सराट्याच्या भोकांना ते चांगलं काम देतं, पण आपल्या कोरड्या गरम हवेत लवकर सुकतं आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घालावं लागतं. त्या ट्यूबवर नंतर ठिगळ चिकटवणं अवघड, सगळीकडे चिकट पाणी येतं. टायरच्या आत घालायच्या प्लास्टिक पट्टीने काटे अडतात, पण तिची दोन टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे ट्यूब घासून नवीन पंचर होतं. टोकं कात्रीने गोल करून, घासून मऊ करा आणि मगच घाला. मला विचाराल तर जाड रबराचं टायर या दोन्हींपेक्षा बरं.

भोक कुठेच सापडत नाही

मग व्हॉल बघा. व्हॉलच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तर ठिगळ टिकत नाही, ट्यूब बदला, पण का फाटली तेही बघा. हवा कमी ठेवून चालवल्याने टायर रिंगेवर सरकतं आणि व्हॉल तिरपा ओढला जातो, किंवा बारीक व्हॉलची ट्यूब मोठ्या भोकाच्या रिंगेत घातलेली असते. बारीक व्हॉलच्या रिंगेचं भोक साडेसहा मिलिमीटरचं, मोटारसायकलसारख्या व्हॉलचं साडेआठचं. मधली जागा रबरी वायसरने भरावी लागते.

साध्या सायकलींमध्ये गोष्ट याहून सोपी निघते. माझी भाची मानव विकासच्या (सरकारी योजनेत मुलींना मिळणाऱ्या) सायकलीवर शाळेत जाते. सुट्टीत मला म्हणाली, ‘‘मामा, रोज सकाळी हवा मारावं लागायलंय बघा, सांजच्याला पुन्हा बसलंच.’’ दुकानात दोनदा दाखवून झालं होतं, पंचर नव्हतं. मी व्हॉल वर येईल असं चाक फिरवलं आणि त्यावर थुंकीचा थेंब लावला. दोन-तीन सेकंदांनी एक बुडबुडा फुगला. चिमणी, म्हणजे व्हॉल घट्ट धरणारं वरचं नट, सैल करून आतला पितळी व्हॉल बाहेर काढला. त्यावर चढवलेली रबरी नळी उन्हाने भेगाळून चिकट झाली होती, नखाने ओढली तर तुकडे हातात आले. त्या व्हॉलच्या पोटाला एक बारीक भोक असतं. हवा त्यातून आत जाते आणि ही नळी ते झाकून हवेला परत येऊ देत नाही, एवढंच तिचं काम. नवी नळी पाण्यात ओली करून, भोक पूर्ण झाकून वरच्या कडेपर्यंत चढवायची, व्हॉल खाचेत सरळ बसवायचा आणि चिमणी हाताने घट्ट करायची. हे तिला माझ्यासमोर दोनदा करायला लावलं. नळी वर्षातून एकदा, उन्हाळा संपताना बदलायची. आता तिच्या कंपासपेटीत त्या नळीचे दोन तुकडे असतात.